बालवाडीत गाणी-कवितांतून वाचन: सोलापूरच्या ताईला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी घेते. वर्गात तेलुगू, मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी पोरं एकाच सतरंजीवर बसतात. पालक आणि नव्याने लागलेल्या ताया फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं इथं टाईप करून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

मॅडम, माझ्या मुलीला ३०-३५ गाणी पाठ आहेत पण एक अक्षर वाचता येत नाही, असं का?

कारण गाणं पाठ होणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी सगळ्यात आधी सांगते कारण गोंधळ इथंच होतो. गाणं हे कानाचं काम, वाचन हे डोळ्याचं आणि कानाचं मिळून काम, आणि या दोघांच्या मधे एक पूल लागतो तो आपोआप तयार होत नाही, मोठ्या माणसाला बसून बांधावा लागतो. पस्तीस गाणी येतात म्हणजे तुमच्या मुलीचा कान तयार आहे, लै चांगली गोष्ट आहे. आता त्यातलं एकच गाणं घ्या, मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि आठवडाभर रोज त्यावर बोट ठेवत म्हणा. बाकीची चौतीस तिला अशीच म्हणू द्या.

मग गाण्यांनी नेमकं होतं काय? नुसती करमणूक तर नाही ना?

करमणूक होतेच आणि ती झालीच पाहिजे. पण आत आणखी एक काम चाललेलं असतं. तीन-चार वर्षांच्या पोराला 'पाणी' म्हणलं की प्यायचं पाणी दिसतं, 'पाणी' हा एक आवाज आहे आणि तो 'पा' आणि 'णी' असा मोडता येतो हे त्याच्या डोक्यातच नसतं. वाचायला हेच मोडणं-जोडणं लागतं. यमक आलं, टाळी आली, ताल आला की पोराचं लक्ष पहिल्यांदा अर्थावरून आवाजाकडे जातं. माळ, टाळ, बाळ म्हणताना त्याला कळतं की शेवटी तेच काहीतरी येतंय. एकदा हे कळलं की मग अक्षर दाखवायला जागा तयार होते, त्याआधी दाखवलेलं अक्षर म्हणजे नुसतं चित्र.

आपल्याकडं हे काही नवीन फॅड नाही ओ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हाच मुलांच्या घरात, अंगणात असलेल्या गोष्टींवर शिक्षण उभं केलं. आत्ताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळ, गाणी, गोष्टी हेच शिकवणं मानलंय. त्यामुळं कुणी म्हणलं की "बालवाडीत नुसतं नाचगाणं चालतं" तर एवढं सांगा.

कुठलं गाणं घ्यायचं?

चार ओळींचं, यमक कानाला लगेच लागणारं, आणि पोरांनी रोज बघितलेलं काहीतरी त्यात असलेलं. मी बरीचशी स्वतःच जुळवते, साहित्यिक मूल्य शून्य, पण चालतात. हे बघा एक:

शेंगा शेंगा भाजल्या
तव्यामध्ये वाजल्या
तिखट घातलं चिमूटभर
चटणी झाली वाटीभर

शेंगाची चटणी माहीत नाही असं पोरगं सोलापुरात सापडायचं नाही, त्यामुळं शब्द समजावून सांगायला वेळ जात नाही. बर्फ, जंगलातला सिंह, समुद्र यांची गाणी म्हणायला काही हरकत नाही, पण ज्या गाण्यावरून वाचायला शिकवायचंय ते घरातलं पाहिजे.

एकच गाणं आठवडाभर? पोरं कंटाळत नाहीत?

मोठी माणसं कंटाळतात, पोरं नाही. मी एक गाणं आठ-दहा दिवस चालवते. पहिले दोन-तीन दिवस कागद नाहीच, नुसतं म्हणायचं, हातवारे, हळू, जोरात, कुजबुजत. मग शेवटचा शब्द मी गिळते, "शेंगा शेंगा..." म्हणून थांबते आणि पोरं "भाजल्याऽऽ" ओरडतात. मग मुद्दाम चुकवते, "तव्यामध्ये नाचल्या", की गोंधळ! "नाही ओ टीचर, वाजल्या!" ही चूक पकडणं फार महत्त्वाचं, ज्याला चूक ऐकू येते त्याचा कान जागा झालाय. त्यानंतर कागद.

आणि मग शब्द बदलायचा खेळ. शेंगांच्या जागी पापड घातला की काय होतं? पापड पापड भाजला, तव्यामध्ये वाजला. भाकरी भाकरी भाजली, तव्यामध्ये वाजली. कणीस घेतलं की भाजलं, वाजलं. तेलुगू घरातल्या पोरांना हे पापड 'तो', भाकरी 'ती', कणीस 'ते' प्रकरण फार जड जातं, त्यांच्या घरच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असा तो-ती भेद नसतोच. मी वर्गात व्याकरणाचं एक अक्षर बोलत नाही, गाण्यातच चार दिवसांत "भाकरी भाजला" म्हणणारी पोरं "भाजली" म्हणायला लागतात. खरं सांगायचं तर हे मला आधी सुचलं नव्हतं, एका पोरीनं शेंगांऐवजी वांगं घातलं आणि गाडी अडकली, भाजल्या की भाजलं, तिथून हे सुरू झालं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. मराठी गाण्यांनी पोरगं गोंधळणार नाही का?

नाही. उलट घरची भाषा बंद करू नका, हात जोडून सांगते. 'दूध' म्हणलं की तुमच्याकडं पालु, कन्नडवाल्यांकडं हालु. पालु-हालु, आयतं यमक! त्यावर मी एक जुळवलंय:

पालु म्हणा, हालु म्हणा
दूध म्हणा, दूधच ना!
पांढरं पांढरं पेल्यात
गट्ट झालं पोटात

यात तेलुगू पोराला आपला शब्द वर्गात ऐकू येतो आणि ते जे खुलतं ते बघण्यासारखं असतं. नाहीतर पहिले दोन महिने ही पोरं गप्प बसतात आणि आपण म्हणतो की मंद आहे.

एकदा मी "पिल्लू कुठं गेलं" म्हणत कोंबडीच्या पिल्लाचं चित्र दाखवत होते आणि मागची चार पोरं म्याव म्याव करायला लागली. मी रागावले. नंतर मदतनीस मावशी हसत म्हणाल्या, "ताई, आमच्यात पिल्लि म्हणजे मांजर." तेव्हापासून नवीन गाणं वर्गात न्यायच्या आधी मी मावशींना म्हणून दाखवते.

आणि घरात नवरात्रात बतुकम्माची गाणी होतात ना, फुलांभोवती फेर धरून टाळ्या वाजवत, एक बाई ओळ म्हणते आणि सगळ्या "उय्यालो" करतात. त्याच दिवसांत मराठी घरांत भोंडल्याचा, हादग्याचा फेर असतो. दोन्हीत पुन्हा पुन्हा येणारी ओळ, टाळी, ताल. पोरीला सोबत न्या, फेरात उभी करा. माझं अर्धं काम तिथंच होतं.

टाळ्या वाजवून शब्द मोडताना पोरं चुकतात, काय करायचं?

आधी बघा खरंच चुकतात का. मी 'बस' म्हणलं, मराठी पोरांनी एक टाळी दिली, तेलुगू आणि कन्नड पोरांनी दोन दिल्या. वर्षभर मी त्यांना दुरुस्त करत होते. मग लक्षात आलं की घरी ते 'बस्सु' म्हणतात, 'कारु' म्हणतात, त्यांच्या कानात दोनच तुकडे आहेत आणि त्यांनी बरोबर मोजलेत. कान त्यांचा बरोबर होता, माझा बहिरा होता.

दुसरी भानगड मराठीची स्वतःची. 'घर' बोलताना तोंडातून एकच तुकडा निघतो, घर्, पण लिहिताना अक्षरं दोन. 'सोलापूर' म्हणताना सो-ला-पूर तीन टाळ्या, लिहिताना चार अक्षरं. नवीन ताया विचारतात की टाळ्या किती घ्यायच्या. माझं म्हणणं, कान बोलतो तेवढ्या घ्या, भांडू नका. पण सुरुवातीला असे शब्द निवडा जिथं टाळ्या आणि अक्षरं सारखी येतात: मामा, काका, दादा, काकी, पाणी, शेंगा. टाळी दोन, अक्षरं दोन. पोराचा विश्वास बसतो की जे ऐकू येतं तेच लिहिलेलं असतं. घर, बस, फळ हे नंतर.

कागदावर बोट ठेवायचं म्हणजे कसं?

कॅलेंडरची पाठची बाजू घ्या, जाड स्केचपेन, एका ओळीत एक ओळ, शब्दांत चांगली बोटभर जागा. पोरांच्या छातीइतक्या उंचीवर लावा. (बऱ्याच वर्गांत तक्ते छताजवळ असतात, ते साहेब बघायला येतात त्यांच्यासाठी असतात.) मग गाणं म्हणत एकेका शब्दाखाली बोट.

पोराला बोट ठेवायला दिलं की ठरलेली गंमत होते. ते प्रत्येक तुकड्याला एक शब्द पुढं सरकतं, 'शें' ला पहिला शब्द, 'गा' ला दुसरा, आणि ओळ संपते तेव्हा गाणं अजून अर्ध्यावर. रागावू नका, तिथंच थांबवून विचारा, "अरे, गाणं उरलं आणि कागद संपला, कसं काय?" ते स्वतः परत सुरू करतं. तीन-चार दिवसांत जमतं. इथं आपल्या लिपीचा एक फायदा आहे तो म्हणजे डोक्यावरची रेघ. "जिथपर्यंत रेघ सलग तिथपर्यंत एक शब्द" एवढं सांगितलं की पुरे. म्हणून लिहिताना रेघ नीट सलग काढा, अक्षरागणिक तोडू नका.

बोट जुळायला लागलं की मग अक्षर. "भाजल्या आणि वाजल्या, दोघांत काय सारखं दिसतंय?" पोरं 'जल्या' वर हात ठेवतात. "काय वेगळं?" भा आणि वा. झालं, दोन अक्षरं शिकली, आणि मी काही शिकवलं असं त्यांना वाटलंच नाही. जोडाक्षर अवघड असतं म्हणून टाळायचं का? वाचायला लावू नका, दिसायला काही हरकत नाही.

अ, आ, इ, ई या क्रमानं का नको?

क्रमानं गाणं म्हणू द्या, पण शिकवायचा क्रम तोच ठेवला तर ऋ आधी येतो आणि म, क फार उशिरा. पोराला त्याचं स्वतःचं नाव, आई, मामा वाचायचंय, ऋषी नाही. जी अक्षरं गाण्यात सारखी येतात ती आधी, आणि काना लगेच सोबत, म्हणजे दोन-तीन अक्षरांत शब्द बनायला लागतात.

शिवाय ण आणि ळ चं काय करणार? यांनी सुरू होणारा नेहमीचा शब्दच नाही, म्हणून तर तक्त्यावर "ण बाणाचा, ळ बाळाचा" असतं आणि पोरं बाणाचं चित्र बघून 'ब' म्हणतात, त्यांची काय चूक! ही अक्षरं शब्दाच्या आत, नाहीतर शेवटी असतात आणि ती जागा यमकाची. माळ, टाळ, फळ, बाळ यमकात म्हणून घ्या, ळ आपोआप कानात बसतो. उर्दू बोलणारी पोरं सुरुवातीला 'फल', 'माला' म्हणतात कारण त्यांच्याकडं ळ नाही, तेलुगू-कन्नडवाल्यांकडं आहे, ते चटकन उचलतात. ण साठी माझ्याकडं मागाचं गाणं आहे, आमच्या भागात घराघरांत धडधड चालू असते त्यामुळं ताल शिकवावा लागत नाही:

खटाक खट, खटाक खट
धोटा पळतो पटापट
ताणा उभा, बाणा आडवा
चादरीवर फुलं चढवा

मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, आणि आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. ताणा म्हणताना पोरं उभी राहतात, बाणा म्हणताना आडवी पडतात. एकानं घरी जाऊन वडिलांना विचारलं की धोटा कुठाय, तर ते म्हणाले आता नव्या मशीनला धोटा नसतो. त्यावरून वर्गात दुसऱ्या दिवशी मोठी चर्चा झाली, मी ऐकत बसले.

बाराखडी चालीवर पाठ करून घेतली तर?

करा, पण फार अपेक्षा ठेवू नका. क का कि की ची चाल इतकी पक्की बसते की मधलं 'कु' दाखवलं तर पोरगं परत 'क' पासून गाडी सुरू करतं. आता पाठ्यपुस्तकात ॲ आणि ऑ धरून चौदाखडी झालीय म्हणजे गाडी आणखी लांब. त्यापेक्षा एकाच शब्दाशी खेळा: काका, काकी, काकू. तिघंही घरात असतात.

गाण्यात लांबवून म्हणल्यानं ऱ्हस्व-दीर्घ शिकतील का?

नाही. चाल 'चटणि' ला पण ओढते आणि 'चटणी' ला पण. तालावर शुद्धलेखन शिकवायला जाऊ नका, ते नंतर डोळ्यानं येतं.

मोबाईलवर गाणी लावली तर चालेल का?

मोबाईलवरचं गाणं थांबत नाही, पोराकडं बघत नाही आणि मुद्दाम चुकत नाही, म्हणून त्यातून वर सांगितलेलं काहीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसात बसून स्क्रीन एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं चांगलं. मला माहितेय की आई विड्या वळत बसलेली असते, दिवसाचा हिशोब पूर्ण करायचा असतो, पोरगं मधे येतं आणि मोबाईल हातात दिला जातो. मी नावं ठेवत नाही. एवढंच करा की मोबाईल नुसता ऐकायला ठेवा, पालथा घालून, आणि तोंडानं त्याच्यासोबत म्हणा. हात सुपात असले तरी तोंड मोकळं असतं.

मला वाचता येत नाही, मी घरी काय करू?

हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात, दप्तर घ्यायला आल्यावर, बाकीचे गेल्यावर. तुम्हाला येणारी अंगाई म्हणा, पाळणा म्हणा, आजीची ओवी म्हणा, कोडी घाला, कुठल्याही भाषेत. झोपताना "म पासून काय काय?" असा खेळ खेळा, याला अक्षर यावं लागत नाही. आणि वर्गातला गाण्याचा कागद मी घरी पाठवते तेव्हा पोराला म्हणा "मला वाचून दाखव". ते पाठ म्हणेल, बोट फिरवेल. तुम्ही नुसतं बोटाकडं बघा. दोन आया अशा आहेत की पोरासोबत त्यांचीच अक्षरं ओळखीची झाली, एकीनं मला बसची पाटी वाचून दाखवली.

स्नेहसंमेलनात गाणी बसवतो तेवढं पुरे नाही का?

नाही. मी आधी एका शाळेत होते, तिथं नोव्हेंबरपासून तीन महिने एकच गाणं रेकॉर्डवर, पोरं नुसते ओठ हलवायची आणि हात वर-खाली. ड्रेस भाड्यानं पालकांच्या खिशातून. जूनमध्ये विचारलं तर त्या गाण्यातला एक शब्द कुणाला सांगता आला नाही. जास्त बोलत नाही.

माझं पोरगं गाणं म्हणतच नाही, काळजी करू का?

काही पोरं ऐकणारी असतात, वर्गात गप्प आणि घरी अख्खा कार्यक्रम, त्यांची काळजी नको. पण मागून हाक मारली तर वळत नाही, सारखी सर्दी, कान वाहतो, टीव्ही मोठा करायला लावतं असं असेल तर आधी कान तपासा. कानात पाणी साचलं असेल तर त्याला 'प' आणि 'ब' नीट वेगळे ऐकू येतीलच असं नाही, मग यमक काय कपाळ कळणार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि ही लक्षणं तोंडानं सांगा.

आम्ही इंग्लिश मिडियमला टाकणार आहोत, मग मराठी गाण्यांचा काय उपयोग?

आवाज मोडायची-जोडायची जी सवय कानाला लागते ती भाषा बदलली म्हणून जात नाही. घरच्या भाषेत यमक पकडणारं पोरगं इंग्रजीतलंही लवकर पकडतं. न समजणारी इंग्रजी गाणी पोपटासारखी म्हणण्यात मात्र नुसता आवाज आहे, शब्द कुठं संपतो हेच त्यांना माहीत नसतं.

किती दिवसांत वाचायला लागेल?

तारीख देत नाही. सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यातसुद्धा समजून वाचणं तिसरीच्या अखेरपर्यंत यावं असंच लक्ष्य आहे. तुमचं पोरगं साडेचार वर्षांचं आहे. शेजारच्याचं वाचतं म्हणून घाई करू नका, आणि हो, शेजारच्याला मधला शब्द विचारून बघा, वाचतं की पाठ म्हणतं ते कळेल.

मला गाता येत नाही, आवाज भसाडा आहे.

माझा पण आहे. पोरांनी आजवर तक्रार केली नाही, शेजारच्या वर्गानं केली.

तुमची गाणी आम्ही वापरली तर चालतील का?

वापरा, शब्द बदला, नाव घालायची गरज नाही. फक्त पोरांनी बदललेलं जास्त लिहून ठेवा, तुमच्या-माझ्यापेक्षा ते भारी असतं. मी शेंगांच्या जागी बटाटा सुचवला होता, बटाटा बटाटा भाजला, तव्यामध्ये वाजला. तर पहिल्या रांगेतली एक पाच वर्षांची बाई म्हणाली, "टीचर, बटाटा वाजत नाही. सुका असतो का तो?" कागदावर बटाटा खोडून तिच्या म्हणण्याप्रमाणे फुटाणा लिहिला, अजून तसाच लावलेला आहे.